खाकी शर्टावरचं पाखरू

१० ऑगस्ट १९९६

आत्याबाईंनी आज अर्धी भाकरी खाल्ली. लिहून ठेवावं असं बऱ्याच दिवसांनी काही घडलं, म्हणून ही वही काढली.

प्रशांत गेल्यापासून त्यांचं सगळं चहावर चाललंय. भाकरी मोडायची, कालवणात बुडवायची आणि तशीच ताटात सोडून द्यायची. "घशाखाली उतरंना," एवढंच म्हणतात. मी तरी कोणत्या तोंडानं आग्रह करू? घरात सासू-सून दोघीच, आणि दोघींचा एकच माणूस गेलेला. माझं नवऱ्याचं दुःख मोठं की त्यांचं लेकाचं, हे मोजायला गावातल्या बायका आहेतच.

आजचं कारण मात्र विचित्र आहे. दिवेलागणीला पाऊस जरा उघडला होता. वीज सकाळपासून नव्हती, म्हणून मी कंदिलाची काच पुसत बसले होते. तेवढ्यात दारातून एक तपकिरी फुलपाखरू आत आलं, दोनदा छताला धडकलं आणि खुंटीवरच्या प्रशांतच्या खाकी शर्टावर जाऊन बसलं. वनरक्षकाच्या वर्दीचे त्याला दोन शर्ट होते. ओढ्याच्या पुरात गेला तेव्हा एक अंगावर होता. दुसरा हा, मी इस्त्री करून अडकवलेला.

आत्याबाई भिंतीचा आधार सोडून ताठ बसल्या. "आला," म्हणाल्या. "आला बग त्यो."

"आत्याबाई, फुलपाखरू आहे ते. पावसामुळे आत आलंय."

"पाखरू हाय त्ये मला दिसतंय," असं म्हणून त्यांनी पिकून काळं पडलेलं केळं सोललं, अर्धं खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि माझ्याकडे भाकरी मागितली. "तू बी घे. एकटी न्हाई जेवायची मी."

मी आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवते. मांजर आडवं गेल्यानं काही होत नाही, हे ठासून सांगणारी बाई म्हणून शाळेत माझी चेष्टा होते. पण समोर भाकरी खाल्ली जात असताना मला सत्य सांगायचा धीर झाला नाही.

१३ ऑगस्ट

शाळेच्या कपाटात फुलपाखरांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. वाळवीनं निम्मं खाल्लंय, पण आमचे पाहुणे त्यात आहेत. इव्हनिंग ब्राऊन. दिवसभर जंगलात पाचोळ्यात पडून राहायचं आणि सांज झाली की उडायचं. फुलांकडे ढुंकूनही बघत नाही, त्याला लागतात सडकी फळं. म्हणून केळं आवडलं साहेबांना.

बसलं की पंख मिटून उभे धरतं. बाहेरचा रंग भिजल्या मातीसारखा, त्यावर बारीक रेघा, आणि कडेनं डोळ्यांची एक ओळ. प्रत्येक डोळ्याला पिवळं कडं, आत काळं बुबुळ, मध्ये पांढरा ठिपका. खरंच बघत असल्यासारखं वाटतं. आत्याबाई म्हणाल्या, "कसं टकामका बगतंय. लहानपनी असाच बगायचा." तीन दिवस रोज येतंय आणि आम्ही दोघी रोज जेवतोय.

२५ ऑगस्ट

नितीनभाऊ आले होते. धाकटे दीर, कोपरगावकडे साखर कारखान्यात कामाला आहेत. स्वभावानं वाईट नाहीत, पण बोलताना नेहमी सभेत उभे असल्यासारखे बोलतात. खिडकीतलं केळं पाहिलं आणि सभा सुरू झाली.

"आई, हे काय चाललंय? समाजात कळलं तर लोक काय म्हणतील? घरातले देव टोपलीत भरून प्रवरेत सोडले ते तूच ना?"

हे खरं आहे. धम्मदीक्षा घेतली तेव्हा आत्याबाई नव्या नवरी होत्या. त्यांच्या सासूबाई रडत बसल्या आणि देव नदीत सोडायला गेल्या त्या या. त्यानंतर कधी उपास नाही, नवस नाही, की कावळ्याला घास नाही.

त्यांनी नितीनभाऊंकडे शांतपणे पाहिलं. "देव सोडलं म्या. पोरगं कुटं सोडलं?"

नितीनभाऊ उठून ओट्यावर गेले. मी चहा घेऊन गेले तर डोळे पुसत होते. जाताना म्हणाले, "वहिनी, दिवाळीपर्यंत बघतो. आई अशीच खंगत राहिली तर मी तिला कोपरगावला नेणार. तुम्हीही संस्थेत सांगून बदली करून घ्या. या जंगलाच्या तोंडाशी काय राहायचं आता?"

मी हो म्हटलं. मनातून मात्र नाही. आत्याबाई गेल्या तर या घरात प्रशांतचं नाव घेणारं दुसरं कोणी उरणार नाही. त्यांनी जेवलं पाहिजे. दिवाळीपर्यंत त्या हिंडत्या-फिरत्या दिसल्या पाहिजेत.

२ सप्टेंबर

पाखरू काल आलं नाही. आजही नाही. ताट तसंच परत आलं. मलाही मग जेववलं नाही.

३ सप्टेंबर

सकाळी केर काढताना कपाटामागे पंख सापडले, नुसते पंख. वर भिंतीवर पाल टम्म होऊन बसली होती. मी पंख मुठीत घेतले आणि चुलीत टाकले. आत्याबाईंना काय सांगणार, तुमचा मुलगा पालीनं खाल्ला?

शाळेतून परस्पर ओढ्यावर गेले. त्या उंबराखाली. प्रशांत दुसऱ्या दिवशी सापडला तो त्याच उंबराच्या मुळांत अडकलेला. तेव्हापासून मी तिकडे फिरकले नव्हते, आणि आज गेले ते पाखरू धरायला. माणूस काय काय करतो.

खाली उंबरं सडून त्यांचा आंबूस वास सुटला होता. पाचोळ्यात काहीच दिसत नव्हतं. एक पाऊल टाकलं की पायाजवळचं एखादं पान उठायचं, हातभर उडायचं आणि पुन्हा पान व्हायचं. चहाच्या गाळणीनं एक धरलं. डबा पदराखाली लपवून घरी आणला, आणि दिवा लावायला पाठमोरी झाले तेव्हा झाकण उघडलं. ते सरळ उजेडाकडे गेलं, मग भिंतीवर, मग शर्टावर.  आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "वाढ."

अपराधी वाटलं, आणि भूकही लागली होती.

९ सप्टेंबर

रोज ओढ्यावर जाणं जमायचं नाही. शाळा आहे, पाऊस आहे, आणि लोकांना डोळे आहेत. शेजारच्या रंगुबाईंनी कालच विचारलं, "मास्तरीन, रोज सांच्याला वढ्याला काय असतं वो तुमचं?" म्हणून ठरवलं, पाखरं घरीच वाढवायची. याची अळी गवत आणि भाताची पानं खाते, असं पुस्तकात आहे. रंगुबाईंची खाचरं आमच्या परसाला लागूनच आहेत.

मागच्या खोलीतली आमची खाट रिकामीच असते. मी तिच्यावर झोपत नाही. तिच्यावर गवताच्या कुंड्या ठेवल्या, वरून मच्छरदाणी सोडली आणि आत दोन माद्या सोडल्या. त्या खोलीत आत्याबाई पाऊल टाकत नाहीत, मी बाहेरून कडी लावून ठेवते. लग्नात आलेल्या मच्छरदाणीचा असा उपयोग होईल असं माझ्या आईला वाटलं नसेल.

१४ सप्टेंबर

अंडी! पात्याच्या खालच्या बाजूला, काचेच्या बारीक मण्यांसारखी ओळीनं चिकटवलेली. किती दिवसांनी मोठ्यानं हसले. बाहेरून आत्याबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, पोरांची उत्तरं वाचतेय."

३० सप्टेंबर

अळ्या बोटाएवढ्या झाल्यात. रंग गवताचा, अंगावर बारीक लव, डोक्याला दोन लालसर शिंगं, शेपटीला दोन टोकं. दिवसा पात्याला अशा लांब चिकटून बसतात की पान कुठलं आणि अळी कुठली, मलाही पटकन कळत नाही. उजेड कमी झाला की खायला लागतात. शांततेत कान दिला तर कुरतडल्याचा आवाज येतो. त्या आवाजानं खोली रिकामी वाटत नाही.

मधल्या काळात उंबराखालून अधूनमधून एखादं आणते आहे, तेवढ्यावर संध्याकाळ निभावते. आत्याबाई जेवतात, पण थोडंच. प्रत्येक घासाला श्रम पडतात. मी सोबत बसले नाही तर ताट सरकवतात. दिवसभर बसून त्यांच्या पावलांवर सूज आलीय, चप्पल चढत नाही. अनवाणी हिंडतात. मी म्हटलं जरा चालत जा विहारापर्यंत, पावसाळ्यातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. तर वाटेत दोन ठिकाणी बसल्या. मन मेलं की शरीर असंच करतं.

५ ऑक्टोबर

शाळेत सभा लांबली, यायला अंधार पडला. धावत मागच्या खोलीत गेले, सकाळी गवत घालायचं राहिलं होतं. तर कुंड्यांत हिरवंगार गवत, पाणीही शिंपडलेलं. म्हणजे सकाळी मीच घातलं असणार. हल्ली डोकं ठिकाणावर नसतं. परवा खडू समजून पाकिटातली डोकेदुखीची गोळी उचलली होती.

आत्याबाईंच्या लुगड्याला कुसळं चिकटली होती. म्हणाल्या, "परसाकडं गेल्ते." एवढ्या लांब कशाला जातात अनवाणी?

८ ऑक्टोबर

पहिला कोष. हिरवा, गुळगुळीत, शेपटीनं पात्याला लोंबणारा. आत काय चाललंय ते बाहेर काही दिसू देत नाही.

१९ ऑक्टोबर

आज आपल्या घरी जन्मलेलं पहिलं पाखरू शर्टावर बसलं. डोळे अगदी स्वच्छ, कडा न झिजलेल्या. "आज लई तरना दिसतोय," आत्याबाई म्हणाल्या. आणि मग, "तू बी जरा अंग धरलंस. मदी निस्ती काडी झाल्तीस."

मी काडी झाले होते? माझ्याकडे कोणाचं लक्ष होतं तेव्हा.

१२ नोव्हेंबर

नितीनभाऊ सहकुटुंब येऊन गेले. आत्याबाई चांगलं लुगडं नेसल्या, उठून ओट्यावर बसल्या, नातवाला मांडीवर घेतलं. सगळ्यांदेखत आख्खी भाकरी खाल्ली. नितीनभाऊ खूश. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही आईला सांभाळलंत. राहू दे तिला इथंच."

ते गेल्यावर आत्याबाईंनी मोरीत जाऊन सगळं ओकून काढलं. सवय नाही एवढं खायची. पाठ चोळली तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. गेला न्हवं त्यो? मंग झालं."

मी जिंकले आज. असं लिहिताना बरं वाटतं, म्हणून लिहिते.

२४ नोव्हेंबर

थंडी पडलीय. भात कापून झाला, खाचरं मोकळी. गवत वाळलं. हिरवं काही उरलंय ते रंगुबाईंच्या विहिरीच्या कडेला, तेवढंच. पहाटे चोरून कापते. अळ्या सुस्तावल्यात, वाढायला फार वेळ घेतायत.

आत्याबाई आता आडव्या होत नाहीत. भिंतीला पाठ लावून, शर्टाकडे तोंड करून बसल्या-बसल्याच झोपतात. त्याची वाट बघत बसतात बिचाऱ्या. बघवत नाही.

२९ नोव्हेंबर

काहीतरी बिघडलंय. आज कोषातून पाखरू निघालं त्याला डोळेच नाहीत. वाळल्या पानाचा रंग, मधून एक शीर गेल्यासारखी रेघ, पंखाची टोकं आकडेदार. कडेला जिथं डोळ्यांची ओळ असायला हवी तिथं सुईनं टोचल्यासारखे ठिपके, ते निरखून पाहिलं तरच दिसणारे. दुसरी जात आली की काय गवतातून?

२ डिसेंबर

दुसरी जात नाही. वाळवीनं खाल्लेल्या पानाच्या उरलेल्या कडेवर दोन ओळी मिळाल्या. पावसाळ्यात डोळे असलेली पिढी, थंडीत वाढलेली डोळे नसलेली. पाचोळा सुकला की डोळे दिसणं धोक्याचं, म्हणून पाचोळ्यासारखंच होऊन गप्प पडून राहायचं, पुढच्या पावसापर्यंत. मी साडेतीन महिने या पुस्तकावर हात ठेवून बसले होते आणि पुढचं पान वाचलं नाही. पोरांना याबद्दल मी छड्या मारल्या असत्या.

डोळे असलेलं जुनं एकच उरलंय. त्याचे पंख फाटलेत.

४ डिसेंबर

आज जे केलं ते लिहायला लाज वाटते. फाटकं पाखरू सकाळी मरून पडलं होतं. संध्याकाळी काय सोडायचं? मी शाळेतून काळी शाई आणि बारीक कुंचला आणला. नवं पाखरू दोन बोटांत धरलं आणि त्याच्या पंखावर डोळे काढायला बसले. शाई पसरली. पंखावरची भुकटी माझ्या बोटांना लागली आणि पंख काचेसारखा आरपार दिसायला लागला. ते थरथरत होतं. दुसरा डोळा काढायच्या आत त्यानं पाय आखडून जीव सोडला.

हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. बाहेर येऊन आत्याबाईंना म्हटलं, "थंडीमुळे नसेल येत."

त्या म्हणाल्या, "तुझ्या बोटाला काय लागलंय?"

"शाई."

बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत होत्या.

६ डिसेंबर

विहारात अभिवादनाचा कार्यक्रम होता. आत्याबाईंना दम लागला होता म्हणून त्या घरीच थांबल्या. मी मेणबत्ती लावून, त्रिसरण म्हणून दिवेलागणीला परत आले.

दारातच थबकले. बिनडोळ्यांचं पाखरू शर्टाच्या खिशावर बसलं होतं, पंख मिटून, एखादं पान चिकटावं तसं. आत्याबाई खाली बसून त्याच्याकडे बघत होत्या. मागच्या खोलीची कडी निघालेली. जाताना मीच लावायची विसरले असणार.

"बगितलंस का?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "मिटलं त्यानं डोळं."

"आत्याबाई, थंडीत ते असंच..."

"निजू दे आता त्याला. लई दीस जागा ठिवला आपन." मग माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. "त्यो शर्ट काढ सीमा. धुऊन कुना गरजवंताला दे. आन् तू बदली घे. तरनी हायेस."

मी हात सोडवून घेतला. "शर्ट तिथंच राहील," म्हटलं. आवाज चढला माझा. गेल्या चार महिन्यांत मी काय काय केलं ते ओठावर आलं होतं. सांगितलं नाही. मागच्या खोलीत जाऊन खाटेच्या पायथ्याशी बसून रडले. एवढं रडणं त्याच्या मरणाच्या दिवशीही आलं नव्हतं. त्या बाहेरून हाक मारत राहिल्या, "ये गं, ये. जेवून घे." मी गेले नाही.

७ डिसेंबर

आत्याबाई जेवल्या नाहीत. मला माहीत होतं हे होणार. एक कडी लावायची विसरले आणि सगळं संपवलं.

१८ डिसेंबर

नुसता चहा, तोही अर्धा. त्यांनी आशा सोडलीय. मी रोज समजावते, थंडी संपली की डोळे परत येतील. त्या मान हलवतात आणि विचारतात, "तू खाल्लंस का?" मी खाल्लं म्हणून सांगते.

२७ डिसेंबर

तालुक्याच्या दवाखान्यात आहोत. काल त्या बसल्या जागी निळ्या पडल्या. रंगुबाईंच्या दिराची जीप मिळाली म्हणून वेळेत आणता आलं.

डॉक्टरांनी पोटरीवर बोट दाबलं, खड्डा पडला तो पडलाच. "सूज किती दिवसांपासून आहे?"

"असेल... पावसाळ्यापासून."

"बसून झोपतात का?"

"हो."

"दम? जेवण नको म्हणतात? उलटी?"

प्रत्येकाला मी हो म्हणत गेले. ते म्हणाले, "हृदय कधीचंच थकलंय. यांना घास गिळणंसुद्धा जड जात असणार, कशा जेवत होत्या?" मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं लिहीत राहिले.

मी या बाईला औषध म्हणून पाखरू दाखवत होते.

२९ डिसेंबर

नितीनभाऊ आलेत. आत्याबाई मधूनच शुद्धीत येतात. आज जरा डोळे उघडले तेव्हा मी कानाशी वाकून सांगितलं. पुस्तकात शेवटी एक गोष्ट होती, ती सांगायची राहिली होती. "आत्याबाई, त्यानं डोळे मिटलेले नाहीत. बाहेरचे जातात, पण पंखाच्या आतल्या बाजूला, वरच्या टोकाला एक मोठा डोळा असतो. काळा, त्यात दोन पांढरे ठिपके. तो थंडीतही जात नाही. पंख मिटलेले असतात म्हणून दिसत नाही."

त्यांच्या ओठावर हसू आल्यासारखं झालं. "ठाव हाय मला," म्हणाल्या. "पयल्यांदा उडाया पंख उगडतंय, तवा दिसतोय की."

पहिल्यांदा म्हणजे कधी, ते विचारायच्या आत त्यांना ग्लानी आली. नितीनभाऊ म्हणाले, बडबडतेय ती, मनावर घेऊ नका.

३ जानेवारी १९९७

आत्याबाई पहाटे गेल्या.

१९ जानेवारी

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. नितीनभाऊ आणि मंडळी आज परत गेली. त्यांनी बरोबर चला म्हटलं. मी परीक्षांचं कारण सांगितलं. घर झाडून काढलं. ज्या भिंतीला त्या टेकायच्या तिथं तेलाचा डाग आहे, तो पुसला नाही.

मागच्या खोलीत अळ्या नाहीत, कोषही नाहीत. मच्छरदाणीत वाळल्या पात्यांच्या तळाशी काही बिनडोळ्यांची पाखरं पडून आहेत. हलत नाहीत आणि मरतही नाहीत. गेल्या तीन आठवड्यांत मी त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. दुपारी मच्छरदाणी वर गुंडाळली आणि खिडकी उघडी ठेवली. जायचं तर जा.

चूल पेटवली नाही.

दिवेलागणीला दारात पावलं वाजली. रंगुबाई होत्या, ओल्या हिरव्या गवताची पेंढी काखेत घेऊन. विहिरीवरचं गवत, मी चोरून कापायची तेच. मला वाटलं चोरी उघडी पडली. म्हटलं, "रंगुबाई, ते मी विचारणारच होते..."

"घ्या," त्या म्हणाल्या. "पाखरांस्नी."

मी म्हटलं, "कसली पाखरं?"

"आता मला कशाला फसवता मास्तरीन? तुमची आक्काबाई रोज यायची की दुपारची, तुमी साळंत गेल्यावर. अनवानी. बांधावर बसत-बसत. म्हनायची, सून शानी हाय पर गवत घालायचं इसरती, अळ्या उपाशी ऱ्हात्यात."

मी चौकट धरली.

"म्या म्हनलं, आक्काबाई, ह्या वयात हे काय खूळ? तर म्हनली, माज्यासाटी चाललंय तिचं. मला घास जाईना, पर म्या न्हाई खाल्लं तर ती बी खाईना. पाखरू आलं म्हनलं की पोरगी ताटावर बसती. तेवडं पाखरू बरं हाय."

रंगुबाईंनी पेंढी उंबऱ्यात ठेवली. "दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी बोलवून घेतलं मला. म्हनली, म्या नसले की गवत देत जा. तिला काय सांगू नगंस. आन् नुस्तं देऊन येऊ नगंस. बस तितंच. ती जेवली का बगूनच ऊट. पर न सांगता कसं बसायचं वो? म्हनून सांगितलं."

अळ्या नाहीत, हे मी सांगणार होते. गवत आता कोणालाच नको आहे. पण ते सकाळचं नव्हतं, आत्ताच कापलेलं होतं, देठांना पाणी होतं. मी पेंढी उचलून आत नेली, कुंड्यांत नीट खोचली, वर पाणी शिंपडलं.  चार महिने मी आत्याबाईंना जगवते आहे असं मला वाटत होतं.

बाहेर आले तर रंगुबाई उंबऱ्याशी मांडी घालून बसल्या होत्या, पदरानं पाय झाकून.

"रोज आनू का?" त्यांनी विचारलं.

"आणा," मी म्हटलं.

चूल पेटवली. पीठ मळलं. भाकरी थापताना दोनदा मोडली. ताट वाढून घेतलं आणि शर्टाखाली बसले, जिथं त्या बसायच्या. पहिला घास घशाखाली उतरेना. रंगुबाई उठल्या नाहीत.